खिळ्यावरचा नान

हेल्मी गोठ्यात रडत होती. गायीच्या पोटाला कपाळ टेकवून, बादली गुडघ्यांत धरून. दूध बादलीत कमी आणि तिच्या बुटांवर जास्त. आता ही काय रीत झाली? घरातली माणसं जिवंत असताना असं मुसमुसत बसायचं नसतं. घराला सवय लागते. शिवाय गाय दूध चोरते.

"कोण मेलंय का तुझं?" मी दारातूनच विचारलं.

ती दचकून उठली. बादली लवंडली.

"नाही, अपा. थंडी. डोळ्यांत... थंडी." थोरल्या बाईला अपा म्हणायचं, एवढं तिला बरोबर जमतं.

"तुमच्याकडे अर्धं वर्ष अंधार आणि बर्फ असतं, तूच सांगतेस. आणि आमच्या या पहिल्या गारठ्यानं तुझे डोळे गळायला लागले?"

एरवी ही पोर एका वाक्याला दहा वाक्यं देते, त्यातली सात चुकीची. आज खाली मान घालून सांडलेल्या दुधावर पेंढा टाकत राहिली.

वसंतात ती आली तेव्हा तिच्याबरोबर आणखी दोघं होते. एक उंच पोरगा, सदा खाजवत असायचा, आणि एक पोरगी, जी माझ्या चुलीचा फोटो काढायची पण चुलीत गोवरी घालायची नाही. तिघंही मदत करायला आले होते. दूरदेशीची शिकलेली पोरं, स्वतःच्या खर्चानं इथवर येऊन आम्हाला मदत करणार! नदीपलीकडच्या उतारावर त्यांनी झाडं लावली. गाणी म्हणत, पाठीला पाठ लावून हसत, डबक्यातून पाणी वाहून आणत. मी सांगितलं, "बाळांनो, तो शेळ्यांचा रस्ता आहे." तिघांनी माना डोलावल्या आणि लावतच राहिली. शेळ्यांना ती रोपं फार आवडली.

उन्हाळा संपला तसे दोघे मित्र गेले. ही गेली नाही. म्हणाली, गवत आत येऊ दे. गवत आलं, बटाटे निघाले, तरी ही आपली माझ्याच घरात. सकाळी शाळेत जाऊन पोरांना कसली कसली गाणी शिकवते आणि घरी आली की मदत करते. माझ्या सासूच्या हातचा, लोकर दाबून केलेला नमदा तिनं नदीवर नेऊन धुतला, त्याचे लाल-निळे रंग एकमेकांत उतरले. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळीभोर झालेली माझी कढई तिनं वाळूनं घासून अशी पांढरी केली, की त्यात पहिला पिठाचा बोरसोक तळला तो तळाला चिकटून बसला. तिच्या मदतीतून सावरायला मला दुसरं माणूस ठेवावं लागलं असतं.

वरच्या कुरणात मात्र ती बरी होती, ते कबूल करते. घोड्यावरून पडली की हसत उठायची. गवतात पालथी पडून बिळांतून डोकावणाऱ्या मार्मोटांना नावं द्यायची. त्यातल्या एका जाडीला तिनं माझंच नाव दिलं होतं. मी तिला झाडून काढली आणि मग तंबूमागे जाऊन हसले.

आमच्या दाराच्या आत तुळईला एक खिळा आहे. तालाय, माझा एकुलता एक मुलगा, गेल्या शरदात रशियाला कामाला गेला, तेव्हापासून तिथे कापडी पिशवीत नान टांगलेला आहे. घरातलं माणूस लांब निघालं, की ताज्या नानाचा एक घास त्यानं चावायचा आणि उरलेला टांगून ठेवायचा. नान त्याची वाट बघतो. परत येऊन त्यानंच तो संपवायचा. तालायचा पुढचा एक दात शिंगराच्या लाथेनं अर्धा तुटलेला आहे, त्यामुळे त्यानं चावलेल्या जागी मधोमध एक उंचवटा राहिला. पिशवीवरून अंगठा फिरवला तरी तो लागतो. सकाळी चूल पेटवण्याआधी मी तो अंगठ्यानं चाचपते. हेल्मीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, हे काय. मी सांगितलं. ती बराच वेळ वर बघत उभी राहिली होती.

गवत कापायला लागलो तेव्हापासून तालायचा फोन लागत नाही. रोज संध्याकाळी मी टेकाडावर जाते, तिथेच आवाज येतो. फोनमधून एक बाई रशियनमध्ये काहीतरी एकच वाक्य बोलते. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण त्या बाईचा आवाज मी भरल्या बाजारात ओळखेन. एकदा मी तिला सांगूनही पाहिलं. "बाई, मुलगा आहे माझा. दे की जोडून. तुला मुलं नाहीत का?" तिनं तेच वाक्य पुन्हा ऐकवलं.

हेल्मी तेव्हा माझ्या शेजारी उभी होती. तिला म्हटलं, हसलीस तर उतारावरून ढकलून देईन. ती हसली नव्हती.

या आठवड्यात तिनं मला टेकाडावरही जाऊ दिलं नाही. म्हणे फोनची तार बिघडली, भरत नाही. सून, मायरम, ती आधीच माहेरी गेलेली. तिचे भाऊ येऊन घेऊन गेले, आईला बरं नाही म्हणाले. दोघंही चहाला बसले नाहीत. परवा शेजारची कानिशाय वाटीभर साय घेऊन आली. आमची गाय तिच्या बटाट्यांत शिरल्यापासून ही बाई माझ्याशी सरळ बोललेली नाही, आणि आता विचारते, "गुडघे कसे आहेत गं, बुरुल?" म्हटलं, "होते तिथंच आहेत." काल दोघे पुरुष अंगणात येऊन गंजीजवळच्या सपाट जागेकडे बघत उभे होते.

"काय बघताय रे?"

"काही नाही, अपा. गवत छान रचलंय."

गवताकडे बघणारा माणूस मान वर करतो. हे दोघे जमीन बघत होते.

मला काही दिसत नव्हतं असं नाही. पण दिसलेलं सगळं एकत्र बांधायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

तर त्या सकाळी गोठ्यातून घरात आले, चुलीपाशी वाकण्याआधी सवयीनं हात वर केला आणि हाताला नुसता खिळा लागला.

आधी वाटलं, पडला असेल. उंबऱ्याजवळ पाहिलं, बुटांत पाहिलं, चुलीमागे पाहिलं. मग मनात आलं, या पोरीनं शिळा म्हणून कोंबड्यांना घातला. नमदा धुणारी, कढई घासणारी पोर, तिला काय! मी धावत खुराड्याशी गेले आणि चार पायांवर बसून आत हात घातला. शिट, पिसं, ओला भुस्सा, सगळं उपसत होते. कोंबड्या माझ्या मनगटावर चोची मारत होत्या. एक तुकडा तरी मिळेल. तो उंचवट्याचा तुकडा तरी. त्या घाणीत मला माझ्याच तोंडून ऐकू येत होतं, "दे गं, दे. तो तुझा नाही." कोणाला सांगत होते कोण जाणे. कोंबडीला, की त्या फोनमधल्या बाईला.

भिंतीवरून कानिशायचं डोकं वर आलं.

"बुरुल! काय शोधतेस अशी?"

"नान. तालायचा नान."

मला वाटलं, ती म्हणेल, वेडी झालीस का, ऊठ तिथून. कानिशायनं मला आयुष्यात याहून सौम्य शब्द वापरलेला नाही. पण तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि तिचं डोकं हळूहळू भिंतीखाली गेलं.

तेव्हा मला साय आठवली.

कानिशायचा नवरा नदीत वाहून गेला, तेव्हा तिला कळण्याआधी गावाला कळलं होतं. आमच्यात अशी बातमी एकट्यानं जाऊन सांगत नाहीत. म्हातारी माणसं जमतात, लांबचे नातेवाईक येईपर्यंत थांबतात, मग सगळे मिळून दारात जाऊन सांगतात. तोवर ज्याचं गेलं त्याच्यासमोर कोणी चेहरा बदलायचा नाही. त्या मधल्या दिवसात तिनं टेकाडावर, नदीवर कुठे जाऊ नये, म्हणून बायका काही ना काही निमित्तानं तिच्याकडे जात होत्या. मी वाटीभर साय घेऊन गेले होते. विचारलं होतं, "कंबर कशी आहे गं?"

मी खुराड्यासमोर तशीच बसून राहिले. हाताला कोंबड्यांचा वास येत होता.

हेल्मी मागून आली. छातीशी तिचा जाड स्वेटर धरलेला. तिनं तो माझ्यासमोर जमिनीवर उलगडला. आत पिशवी होती. पिशवीत नान होता, अख्खा, म्हणजे जेवढा होता तेवढा.

"मी फेकला नाही, अपा. मी... ठेवला. माझ्या बॅगेत. तुम्ही रोज हात लावता. रोज सकाळी. मला बघणं... होत नाही." तिनं पिशवी माझ्याकडे सरकवली. "मला वाटलं, तो समोर नसेल तर तुम्हाला कमी दुखेल. अपा, शाळेत बाई बोलल्या, तालाय..."

"गप्प!"

मी इतक्या जोरात ओरडले की कोंबड्या आतल्या आत फडफडल्या.

"एक शब्द बोललीस तर जीभ उपटून हातात देईन. तू कोण सांगणारी? तुला कोणी पाठवलंय? तुझ्यामागे कोण उभं आहे? एकटीनं सांगायची गोष्ट आहे का ही?"

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी उठले, हात परकराला पुसले आणि जाऊन फाटकाची कडी लावली. वर खुंटी ठोकली. गोठ्यातली जुनी पहार आणून फाटकाला टेकू दिला. हेल्मी बघत होती. बघू दे. कोणी आत आलं नाही तर कोणी बोलणार नाही. कोणी बोललं नाही तर माझा तालाय कुठल्याशा शहरात, कुठल्याशा भिंतीवर विटा चढवत उभा आहे आणि त्याचा फोन बिघडला आहे. बिघडतात फोन. एक अख्खा हिवाळा मी फाटक लावून राहू शकते. गवत आहे, गोवऱ्या आहेत, बटाटे आहेत.

पण ती माणसं दुपारीच आली. घोड्यांच्या टापा फाटकाशी थांबल्या. कोणी कडी वाजवली नाही. नुसती बरीच माणसं उभी असल्यावर जसा श्वास ऐकू येतो, तसा येत होता.

"बुरुल," जुमाश म्हाताऱ्याचा आवाज आला. गावातला सगळ्यात मोठा तो. "आम्ही आलोय."

"घरी कोणी नाहीये!" मी आतून ओरडले.

मग म्हातारा म्हणाला, "तू तर आहेस."

"मी कामात आहे. उद्या या."

"बरं," तो म्हणाला, पण कोणी हललं नाही. वारा सुटला होता. पहाटेपासून डोंगरावर जमलेलं आभाळ आता खाली उतरायला लागलं होतं. मी पहारीवर हात ठेवून उभी राहिले. उभे राहा म्हटलं. गोठून जा.

मग बाहेर कोणीतरी खोकलं. बारीक, दाबलेलं. ती मायरम होती. तिच्या भावांनी तिला परत आणली होती. माझी सून, माझ्या तालायची बायको, सगळ्या गावासमोर स्वतःच्या घराच्या बंद फाटकाबाहेर थंडीत उभी होती आणि बंद मी केलं होतं.

असं या घरात कधी झालेलं नाही.

"हेल्मी," मी म्हटलं, "तू उंच आहेस. नान परत टांग. होता तिथेच, होता तसाच. ते आत येतील तेव्हा तो जागेवर पाहिजे."

तिनं टांगला. पिशवीची गाठ नीट वर घेतली. मी तोंड धुतलं, स्वच्छ ओढणी बांधली आणि फाटकाची पहार काढली.

मी मायरमला हाताला धरून आत आणलं आणि घराच्या आतल्या भिंतीशी बसले, ती माझ्या उजवीकडे. म्हातारी माणसं दारात रांगेनं उभी राहिली. कोणीही वर खिळ्याकडे बघितलं नाही. जुमाशनं टोपी सारखी केली.

"बुरुल, तुझ्या अंगणातला घोडा सुटला," तो म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी मिळून शोधला. लांबवर शोधला. तो परत वळणारा नाही."

"कोणता घोडा?" मी विचारलं. विचारावं लागतं.

"एकच होता तुझा," तो म्हणाला.

बांधकामावर कोसळलेली भिंत, ओळख पटायला लागलेला उशीर, आणायला गेलेली माणसं, हे सगळं नंतर सांगितलं. मायरमनं हंबरडा फोडला. दारातल्या बायका तिच्या आवाजात आवाज मिसळत आत आल्या, सगळ्यांत पुढे कानिशाय. बाहेर अंगणातल्या सपाट जागेवर पुरुष नमद्याचा तंबू उभारायला लागले. सुतकाचा तंबू. काल जागा मोजून गेलेलेच दोघे.

मान वळवली तर चुलीच्या कोपऱ्यात हेल्मी उभी. स्वेटरची बाही दातांत गच्च धरलेली, तोंड लाल, डोळे ताणलेले. एक हुंदकाही बाहेर येऊ देत नव्हती. सकाळी गोठ्यात मी तिला ओरडले होते ना.

"इकडे ये," मी म्हटलं.

बायकांचा आवाज खाली आला. ती पुढे आली.

"तुला झाडं लावता येत नाहीत," मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं. "गाय पिळता येत नाही. माझा नमदा तू घालवलास, कढई घालवलीस. आणि खोटं बोलायला अख्ख्या गावाला जमलं, तुला एकटीला जमलं नाही. मला मुलगी झाली नाही, त्यामुळे माझ्या डावीकडची जागा रिकामी आहे. तिथे बस. सुतकात घरच्या बायका बसतात तशी दाराकडे पाठ कर. आणि ती बाही सोड तोंडातून." मी तिच्या मनगटाला धरून तिला खाली ओढलं. "रड आता, पोरी. आता चालतं."