थंडीत रिकामी होणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. एवढी मोठी, की दोन माणसांशिवाय मी हलत नाही. हातोडीचे घाव सोसले तेव्हा कुठे मला आकार आला. पत्र्याच्या कारागिराने माझ्या झाकणाला जाड कडी लावली. झाकण पडले की ती आपसूक कोयंड्यात बसे. "चोराच्या बापालाही दाद द्यायची नाही," असे तो म्हणाला, तेव्हा मी फुलून गेले होते.

मला घेतले ते एका पाळणाघरवाल्या मावशीने. तिच्या दोन खोल्यांत रोज पाच मुले असत. एरवी माझे पोट रजया आणि घोंगड्यांनी गच्च भरलेले असे. थंडी पडली, की सगळे बाहेर निघे आणि मी रिकामी होई. माझ्या सुखाचे दिवस तेच.

गारठ्यात मूल बसवून ठेवले तर किरकिरते, खेळवले तर ऊब धरते, असे मावशी म्हणे. अंगणात ऊन आले की ती मुलांना कानटोप्या घालून बाहेर काढी. तोंडाच्या वाफेची आगगाडी निघे. एकमेकांच्या सावलीवर उड्या पडत. वाळलेली पाने मुद्दाम कुरकुर वाजवत तुडवली जात. ऊन कलले की सगळी आत. मग मोज्यांचे चेंडू, रजईची गुहा, आणि माझी होडी. पाचही जण माझ्यात बसून हातांनी वल्ही मारत आणि आपल्याच आरडाओरड्याला समुद्र म्हणत.

एका दुपारी बोचरा वारा सुटला, म्हणून घरातच लपंडाव मांडला. मावशी आत दूध तापवत होती. सगळ्यांत धाकटी, जिला बारकी म्हणत, ती माझ्यात शिरली आणि तिने झाकण ओढून घेतले. कडी बसली.

आधी ती खुदुखुदु हसली. मग झाकण ढकलू लागली. मग दोन्ही मुठींनी मला बडवू लागली. बाहेर राज्य घेतलेली मोठी मुलगी माझ्याजवळ आली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आवाज करून फसवतेय. राहू दे तिला, आधी बाकीच्यांना शोधू."

मित्रांनो, मला हात नव्हते. हळूहळू मुठी मंदावल्या. मग थांबल्या.

मावशी दुधाचे पाच पेले घेऊन आली, तर मुले चार. तिने पलंगाखाली पाहिले, ती अंगणात धावली. शेवटी मोठीने माझ्याकडे बोट दाखवले. मावशीने कडी काढली. बारकीचे ओठ निळे पडले होते. मावशीने तिच्या तोंडात श्वास फुंकला, तिला घोंगडीत गुंडाळले आणि ती अनवाणीच दवाखान्यात पळाली. तिथे कामावर असलेल्या परिचारिकेने घोंगडी उलगडली. ती बारकीची आईच होती.

जिवावरचे शेपटावर निभावले, असे लोक म्हणाले. महिन्याने आई बारकीचे कपडे न्यायला आली. मावशी माफी मागू लागली, तसे तिने थांबवले.

"तुम्ही वाईट नाही, मावशी. पण माझं पोर आता बोलताना अडखळतं. दार लोटलं तरी किंचाळतं."

मावशीने बारकीचे कपडे घडी घालून तिच्या हाती दिले. बाकीची मुलेही एकेक करून यायची बंद झाली. ज्या दिवशी शेवटचे मूल गेले, त्या दिवशी मावशीने बत्त्याने माझी कडी ठोकून ठोकून तोडली. मला दुखले नाही. ते घाव आधीच पडायला हवे होते.

आता मी मागच्या अंगणात गंजत पडले आहे. मित्रांनो, थंडीत खूप खेळा, आत आणि बाहेरही. पण झाकण असलेल्या कशातही लपू नका. घरात माझ्यासारखी पेटी असेल, तर तिची कडी आजच मोठ्यांकडून काढून घ्या. आणि खेळता खेळता आतून कोणी ठोठावले, तर ते फसवते आहे का, याचा विचार करत बसू नका. आधी उघडा. डाव काय, पुन्हा मांडता येतो.