दार लावून बसलेला क्लास

गिरीशकाकांनी काम सांगितलं आणि चंद्रशेखर "होईल, काका" म्हणून मोकळा झाला. करणार काय? नागपूरहून तो अमेरिकेत आला तेव्हा याच माणसाने त्याला वेस्ट विंडसरच्या आपल्या घरी पंधरा दिवस ठेवून घेतलं, काकूंच्या हातचं जेवू घातलं आणि वर आपल्याच टीममध्ये घेतलं. अशा माणसाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. व्हिसाही त्याच नोकरीवर होता.

काम दिसायला एवढंसं. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका क्लासवरून, म्हणजे कोडच्या साच्यावरून, दुसरा क्लास बेतता येतो. पण काही क्लास बेतू देत नाहीत, दार लावून बसतात. कोणता उघडा, कोणता बंद, हे प्रोग्राम कंपाइल होतानाच, म्हणजे चालण्याआधी मशीनच्या भाषेत उतरतानाच, ओळखायचं आणि बंद असेल तर दुसऱ्या वाटेने जायचं.

दुसऱ्याच दिवशी त्याला कळून चुकलं की हे होणार नाही. २०१२ सालच्या सी प्लस प्लसमध्ये ओळखायचा मार्ग एकच, बेतून बघणं. आणि क्लास बंद निघाला की कंपाइलर नुसतं "नाही" म्हणत नाही, चूक दाखवून सगळं कामच थांबवतो.

शेजारी बसणारा परीक्षित म्हणाला, "यार, काकांना आत्ताच सांगून टाक. पॉसिबल नाहीये."

"सांगतो," तो म्हणाला. सहा आठवडे सांगितलं नाही. उलट माहीत असलेल्या सगळ्या बंद क्लासची नावं हाताने एका यादीत भरली आणि यादीत बघून उत्तर द्यायचं सोंग उभं केलं. हे खपून जाईल असं बिचाऱ्याला खरंच वाटत होतं!

डेमोला क्लायंटने स्वतःचा एक क्लास दिला. तो यादीत कुठून असणार? स्क्रीन चुकांनी भरून गेली. सगळे गेल्यावर काकांनी कोड उघडून ती यादी शेवटपर्यंत वाचली.

"हे होणार नाही, केव्हा कळलं तुला?"

"दुसऱ्या दिवशी."

"अरे, मग तेव्हाच सांगायचंस ना! क्लायंटनेच आपल्या क्लासपुढे लिहायचं, बंद की उघडा. आपण ते नुसतं वाचायचं. एका ओळीचं काम."

चंद्रशेखर म्हणाला, "सॉरी, काका. तुम्हाला नाही कसं म्हणणार होतो?"

"ही यादी मला झाकता येणार नाही, शेखर. शुक्रवार तुझा लास्ट डे."

नोकरीमागोमाग व्हिसाही जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. काकांनी खुर्ची वळवली, त्याच्यादेखत यादी पुसली आणि तिच्या जागी ती एक ओळ लिहिली. पहिल्याच खेपेला कंपाइल झाली.