पंच्यावरची पेज

थोरल्या भंतेंना संघटनेच्या माणसांनी विहाराच्या पायऱ्यांवर मारलं. सकाळची वेळ होती. आम्हाला मुद्दाम खाचरांतून बोलावून आणलं होतं. भंतेंचा गुन्हा एवढाच, की ते लग्नाला तयार नव्हते. मुलूख आता संघटनेचा होता, आणि तिचं म्हणणं, भिक्खू म्हणजे ऐतखाऊ. जो बायको करील तो माणसांत आला.

"ह्या वयात मला कोण मुलगी देणार, बाबा?" भंते हसून म्हणाले.

गावावर संघटनेने नेमलेला कॉम्रेड खेमसुद्धा हसला. मग त्याने कुदळीचा दांडा मागून घेतला.

पहिल्या घावाला भंते खाली बसले. चीवर तर आधीच हिसकावून घेतलं होतं, तरी बसताना त्यांनी काळी लुंगी गुडघ्यांवर नीट ओढून घेतली. दुसऱ्या घावाने कवटी फुटली. तेव्हापासून माझ्याच्याने नारळ फोडवत नाही. विहारात संघटनेची डुकरं कोंडलेली होती. रक्ताचा वास लागला तशी ती आतून दाराला धडका द्यायला लागली. मी कडेवरच्या लेकीचं तोंड छातीशी दाबून धरलं. तिला वाटलं दूध पाजतेय. ती चोखायला लागली.

"आता तू," खेमने दांडा सारेतच्या हनुवटीखाली टेकवला. दांड्यावरचं रक्त त्यांच्या गळ्यावरून खाली ओघळलं. "लग्न, की ह्याच्याशेजारी जागा?"

सारेत आमचे धाकटे भंते. माझी रुमदुल जन्मली तेव्हा तिच्या मनगटासाठी त्यांनीच दोरा मंतरून दिला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. ते काय म्हणणार ते मला कळलं, आणि त्यांच्याआधी मीच बोलून गेले.

"मी करते यांच्याशी लग्न."

सगळे वळून बघायला लागले. माझा नवरा नावाडी होता. संघटनेने त्याला पावसाळ्याच्या आधी 'शिकायला' नेलं होतं, आणि तिथून कोणी परत येत नसे.

"विधवेला फारच घाई!" खेम म्हणाला. तो हसला की हसायचं असतं, म्हणून लोक हसले. "घेऊन जा. पण निमोल, मला संसार दिसला पाहिजे. नाही दिसला तर तुम्ही दोघंही इथेच याल, ह्या पायऱ्यांवर."

माझ्या मनात एकच होतं. ते जगावेत, आणि भंते म्हणूनच जगावेत.

बाईने भंतेंना हात लावायचा नसतो, हे मला आईने चालायला शिकवता शिकवताच शिकवलेलं. काही द्यायचं तर मध्ये कापड हवं. कापडावर ठेवायचं, हात मागे घ्यायचा, मग ते कापडासकट ओढून घेणार. झोपडीत मी तसंच करायचे. गळ्यातला चौकड्यांचा पंचा पसरायचा आणि त्यावर पाण्याची करवंटी ठेवायची. चीवर गेलं होतं, डोक्यावर केस आले होते, प्रार्थनेला तर ओठ हलवायचीही सोय नव्हती. हा एवढाच नेम उरला होता. तो मी जपला. रुमदुलला जपायचे तसाच.

आमची झोपडी उंच खांबांवर होती. संध्याकाळी खेमचा माणूस पाळत ठेवायला खाली खांबांमध्ये येऊन बसायचा. त्याच्या विडीचा वास बांबूंच्या फटींतून वर आला की मी सुरू करायचे.

"अहो, ऐकलं का? पाणी कोण भरणार? तुमचा बाप?"

"भरतो हं," ते म्हणायचे. इतक्या मायेने, की मला घाम फुटायचा.

"नवरा असा बोलत नाही, भंते," मी कुजबुजायचे. "ओरडा. म्हणा, तोंड बंद कर."

ते घसा साफ करायचे. "तोंड... तोंड जरा बंद केलंस तर बरं होईल."

मी हसू दाबायला पंचाच तोंडात कोंबायचे. खाली तो माणूस मात्र खूश असायचा. नव्या जोडप्याचं रोज वाजतं, असं त्याने खेमला सांगितलं होतं.

मग एक दिवस गावाच्या एकत्र जेवणघरात वाढणाऱ्या येम मावशीचा हात उकळत्या पेजेने भाजला आणि वाढायला मला उभं केलं. रुमदुल तापाने फणफणलेली, कडेवरून उतरायला तयार नव्हती. पेज वाढता वाढता माझेच डोळे मिटत होते. रांगेत सारेत पुढे आले, कोपरांपर्यंत कालव्याचा चिखल. मी वाडगा भरला. गळ्यातला पंचा काढून फळीवर पसरला. वाडगा त्यावर ठेवला आणि हात मागे घेतला. त्यांनीही वाकून दोन्ही हातांनी पंचा आपल्याकडे ओढला.

आपण काय केलं, ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. येम मावशीच्या तोंडून "अगं बाई" निघालं तेव्हा मी मान वर केली.

खेम समोरच जेवत होता. तो पोरका, विहारातलाच भात खाऊन वाढलेला. थोरल्या भंतेंनी त्याला अक्षरं गिरवायला शिकवली होती. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

"वा!" तोंड पुसत तो उठला. "दान झालं वाटतं. आता आशीर्वाद दे की तिला, सारेत."

"कसलं दान, कॉम्रेड?" मी म्हणाले. आवाज कुठून आला कुणास ठाऊक. "भांडण झालंय आमचं. मेल्याच्या हातात द्यायचीही इच्छा होत नाही."

"भांडतात खरे," विडीवाला भिंतीजवळून म्हणाला.

"असं? एवढा राग आलाय?" खेमने शेजारचा कुदळीचा दांडा उचलला. "मग मार त्याला. बघू दे सगळ्यांना."

हातात पेजेचा डाव होता, करवंटीचा. तोच मी सारेतच्या तोंडावर हाणला. गालाच्या हाडावर करवंटी फुटली, गरम पेज रक्तात मिसळून छातीवर आली. पुन्हा मारला तर हातात डावाचा नुसता दांडा राहिला. तो फेकून मी त्यांचे केस धरले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हात लावला तो असा. डोकं फळीवर आपटलं, थोबाडीत मारत सुटले, माझी नखं त्यांच्या भुवईत रुतली. "ऐतखाऊ! पोरीचा घास खातोस!" मी किंचाळत होते. रुमदुल माझ्या कमरेला चिकटून किंचाळत होती.

ते हात खाली सोडून उभे राहिले. मार थांबेल तेव्हा थांबेल, असे.

"बघा, बघा," खेम हळू आवाजात म्हणाला. "बायको एवढं बडवतेय आणि हा उभाच. असं उभं कोण राहतं, मला माहीत आहे." त्याने कुदळीचा दांडा रुमदुलच्या टाळूवर अलगद टेकवला. "तू मार हिला, सारेत. नाहीतर मी सुरुवात इथून करतो."

मी पोर येम मावशीच्या हातांत कोंबली. दांडा पोरीबरोबर तिकडे वळला.

"मार ना!" मी सारेतच्या तोंडावर थुंकले. "आहे का हिंमत? बाई आहेस का तू?"

त्यांनी दांड्याकडे पाहिलं. मग मुठी वळल्या. अंगठा बोटांच्या आत, लहान पोरं वळतात तशा.

पहिला ठोसा माझ्या दातांवर बसला. दुसऱ्याने मी फळीवर आदळून खाली पडले. लोक हसायला लागले. त्यांनी लाथ घातली, मग परत घातली. बरगडीत काहीतरी कडकन मोडलं. मला वाटलं आता थांबतील. पण मारताना थांबायचं कधी, हे त्यांना माहीत नव्हतं. जन्मात कधी कुणाला मारलंच नव्हतं. ते मारत राहिले, तोंडाने लहान पोरासारखा आवाज करत. शेवटी खेमच म्हणाला, "अरे पुरे, पुरे! मरेल ती. उद्या लावणी आहे."

दांडा खांद्यावर टाकून तो हसला. "झाला बरं का तुमचा संसार!"

झोपडीत येईपर्यंत संध्याकाळ झाली. पोरीचा ताप उतरला होता, ती झोपली. मला सरळ उभं राहता येत नव्हतं, पण येम मावशीने चोरून दिलेली पेज होती. ती मी वाडग्यात ओतली, रक्ताने माखलेला पंचा झटकून त्यांच्यासमोर पसरला आणि वाडगा त्यावर ठेवायला वाकले.

त्यांनी पंचा उचलला. त्याची नीट घडी घातली आणि रुमदुलच्या डोक्याखाली सारली. मग माझ्यापुढे हात धरला. बोटांची सालं निघाली होती, अंगठा मुळाशी सुजून काळा पडला होता.

"हातात दे," ते म्हणाले.

"भंते..."

"भंते म्हणू नकोस मला."

मी वाडगा त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं माझ्या बोटांवर आली, गरम, सोलवटलेली, आणि त्यांनी ती काढून घेतली नाहीत.

मग मला जे रडू फुटलं ते थांबेना. खालून विडीचा वास येत होता. तो माणूस वाटेने जाणाऱ्या कुणाला तरी म्हणाला, "रडतेय. चांगलंच लागलेलं दिसतंय."