देवापुढे मांडलेल्या कॅपा

अंबरनाथ पूर्वेला सदू मिस्त्रींचे गॅरेज आहे. गुडघे गेल्यापासून ते दारातल्या खुर्चीवर बसतात आणि ब्रेक, क्लच वगैरे सगळे त्यांची मुलगी संजीवनी करते. इंजिन मात्र ते तिला उघडू देत नसत. ते काम उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या धर्मेशच्या लेथ-कारखान्यात जाई. नवरात्रात बदलापूरच्या प्रमोदची टॅक्सी खडखडत आली, तेव्हा संजीवनीने हे मीच करणार असे सांगून टाकले. सदूंनी परवानगी दिली, पण एक अट घातली: अडलीस तर इंजिन कॅम्प तीनला जाईल आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

क्रँक हा इंजिनाचा कणा. तो पाच जागी धरलेला असतो. प्रत्येक जागी एका बाजूला ब्लॉक, दुसऱ्या बाजूला लोखंडी कॅप आणि दोन्हींत अर्ध्या बांगडीसारखे पातळ बेअरिंग. संजीवनीने इंजिन उलटे करून कॅपा काढल्या. बेअरिंगांचा राखाडी थर झिजून खालचे तांबे दिसत होते. खडखड तिथलीच होती. क्रँक बाहेर काढून तिने त्यावरून नख फिरवले. ते कुठेच अडकले नाही. मग मायक्रोमीटरने मापले. क्रँक घासायची गरज नव्हती, नवी बेअरिंगे पुरेशी होती.

तिने फोनवर हे सांगितले तेव्हा धर्मेश हसला. सगळ्यांचे क्रँक तो घासतो, हिचाच कसा शाबूत, असे त्याने विचारले. तिने त्याला मापे ऐकवली आणि रिक्षाने जाऊन बेअरिंगे घेऊन आली.

त्या दिवशी खंडेनवमी होती. ती परतली तेव्हा गॅरेजात पाट मांडला होता. त्यावर स्पॅनर, पकडी, झेंडूची फुले, आणि मधोमध त्या पाच कॅपा, घासून लखलखीत, कुंकू लावलेल्या. तिच्या आईने, कौसाबाईंनी, रुंद कॅप मधे ठेवून बाकीच्या दोन-दोन बाजूंना मांडल्या होत्या.

संजीवनी बघतच राहिली. कॅप ज्या जागेची, तिथेच बसावी लागते. अदलाबदल झाली तर क्रँक जाम होतो. म्हणून घरची पद्धत अशी, की त्या ओळीने मांडायच्या आणि कोणी हात लावायचा नाही. कॅपांवरचे जागेचे नंबर पूर्वी कुणीतरी कानशीने घासून टाकले होते.

“आई, या ओळीत होत्या गं.”

“काळ्याकुट्ट देवापुढे ठेवू का?” कौसाबाई म्हणाल्या. “आणि आता हात लावू नकोस. उद्या अक्षता टाकून हलवीन.”

सदूंनी खिशातून मोबाइल काढला.

“बाबा, धर्मेशला फोन नका करू. उद्यापर्यंत थांबा.”

दसऱ्याला अक्षता पडताच तिने कॅपा उचलल्या. आत जुनी बेअरिंगे तशीच चिकटून होती. कौसाबाईंनी ती न काढता कॅपा बाहेरूनच घासल्या होत्या, ते बरे झाले. तिने बॅटरीचा उजेड आत धरला. तेलात खडा आला की फिरता क्रँक त्याला दोन्ही अर्ध्यांवरून ओढत नेतो, आणि ओरखडा ब्लॉकमधल्या बेअरिंगवरून सरळ कॅपमधल्या बेअरिंगवर जातो. जिथे रेघ तुटत नाही, ती जागा त्या कॅपची. रुंद कॅप शेवटच्या जागेची, हे उघडच होते. उरलेल्या चार तिने फिरवून, उलटून लावून पाहिल्या. चारही रेघा जुळल्या.

मग तिने जुनी बेअरिंगे काढली, नवी बसवून तेल लावले, क्रँक ठेवला आणि टॉर्क पान्याने मधल्या कॅपेपासून बोल्ट आवळत गेली. प्रत्येक कॅपेनंतर क्रँक हाताने फिरवून बघत होती. शेवटचा बोल्ट झाल्यावर तो दोन बोटांनी फिरला.

सदू खुर्चीतून उठले, भिंत धरत आले. त्यांनी स्वतः क्रँक फिरवला, मग उलटा फिरवला. त्यांनी फळीवरचे नंबरांचे पंच आणि हातोडी काढून तिच्यापुढे धरली.

“नंबर ठोक. पुढच्या खंडेनवमीला आई पुन्हा कशा मांडेल, भरवसा नाही.”

ती ठोकत असताना धर्मेशचा फोन आला. इंजिन कधी पाठवता, असे तो विचारत होता.

“इंजिनाचं मला नको विचारूस आता,” सदू म्हणाले. “हे घे, संजीवनीशी बोल.”

तिचे दोन्ही हात तेलाने माखलेले होते. मोबाइल तिच्या कानाला कौसाबाईंनी धरला.