दयाबाईंच्या हातच्या तारा

या, बसा. मागे कशाला, पुढे सरका. सतरंजी सगळ्यांना पुरेल. पानसुपारी नंतर होईल. आधी एका वीणेची गोष्ट सांगतो, जीव लावून ऐका.

नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठी गिदोनभाऊंचं घर. आयुष्यभर त्यांनी चर्चमध्ये गिटार वाजवली, आणि मिळेल तिथून जुनी वाद्यं घरी आणली. मोडीत निघालेल्या बँडची पोटफुगी गिटार, गोव्याच्या एका म्हाताऱ्याचं मॅन्डोलिन, मांडीवर आडवी धरून वाजवायची हवाईयन गिटार, दिलरुबा. भिंती नुसत्या भरलेल्या. पाहुण्यांना नियम एकच: "बघा खुशाल, पण हात पाठीमागे."

दाराशेजारच्या खुंटीवर मात्र वीणा. ती त्यांच्या पत्नीची, दयाबाईंची. दयाबाई ख्रिस्ती कीर्तनकार. वीणा गळ्यात घालून उभ्या राहिल्या की प्रभू येशूची कथा ऐकायला मारुतीच्या पारावरची माणसंसुद्धा येऊन बसायची. मृदंगावर गावातला सहादेव, शेजारी भाऊंची गिटार. काय रंग चढायचा! देवाघरी जाण्याच्या आदल्याच आठवड्यात बाईंनी वीणेला नव्या तारा चढवल्या होत्या. त्या तारांना भाऊंनी मग कुणाचं बोट लागू दिलं नाही. स्वतःचंही नाही. तारांना गंज चढला, तरी नाही.

यंदा गावात सप्ता बसला. सात दिवस अखंड नाम, आणि तितके दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आणि सप्ता ऐन भरात असताना सहादेवची बायको रंगुबाई धापा टाकत भाऊंच्या दारात आली.

"भाऊ, वीना द्या!"

"अहो, झालं काय?"

"आमच्या वीनेची दांडी उखडली. ह्यांनी तशीच उराशी धरलीय. काढताना निखळून भुईला पडंल, दुसरी आल्याबिगर गळ्यातनं काढायची न्हाई म्हनत्यात. सकाळधरनं उभं हायत. आजूबाजूला समद्या गावांत सप्तं, एक वीना मोकळी न्हाई."

भाऊंनी भिंतीकडे पाहिलं. "हे मॅन्डोलिन न्या. आवाज लई गोड आहे."

"पहाऱ्याला मॅन्डोलिन? वरात काढायचीय व्हय?" रंगुबाईनं नियमानं हात पाठीमागे धरले होते, जीभ तेवढी मोकळी होती. "घरभर वाद्यं, पर सूर म्हनून न्हाई. दयाबाई आसत्या तर मी उंबरा वलांडायच्या आत वीना गळ्यात घालून निघाल्या आसत्या."

"तारा गंजल्यात, रंगुवहिनी. पिळल्या की तुटतील."

"मंग नव्या घाला."

"त्या तिनं लावल्यात."

रंगुबाई हळूच म्हणाली, "वाजवायलाच लावल्या न्हवत्या का, भाऊ?"

भाऊंनी वीणा उतरवली. मांडीवर घेऊन एक खुंटी हलकेच पिळली. तार कुरकुरली, सुरावर आली. अगदी बाईंच्या पट्टीवर. आणि तटकन तुटली.

भाऊंनी उरलेल्या तारा एकेक करून सोडवल्या, त्यांचं वेटोळं करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. गिटारसाठी आणलेल्या कोऱ्या तारा वीणेवर चढवल्या आणि सूर बाईंच्या पट्टीवरून खाली, सहादेवच्या पट्टीवर आणला.

"आता भुईला टेकवू नका हं," रंगुबाई म्हणाली. म्हणून भाऊंनी वीणा गळ्यात घातली आणि छेडत निघाले. वाटेत लोक हात जोडत होते. भाऊ सवयीनं "जय ख्रिस्त" म्हणत होते, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सहादेवच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती. वीणा पाहताच त्यानं विचारलं, "दयाबाईंची?"

"तिचीच. तारा तेवढ्या माझ्या."

आधी चांगली वीणा सहादेवच्या गळ्यात गेली, मग मोडकी निघाली. तीही भुईवर कशी ठेवायची? भाऊंनी ती आपल्या गळ्यात घेतली. रिवाजाप्रमाणे सहादेव भाऊंच्या पायाशी वाकला, भाऊ सहादेवच्या. मग दोघांनी मिठी मारली, मध्ये दोन वीणा सांभाळत.

दुसऱ्या दिवशी रंगुबाई प्रसाद घेऊन आली. दयाबाईंच्या खुंटीवर जुन्या तारांचं वेटोळं अडकवलेलं होतं. प्रसाद ठेवून तिनं सवयीनं हात मागे घेतले.

"हात सोडा, वहिनी," भाऊ म्हणाले. "तुमच्या वीणेची ही दांडी धरा जरा घट्ट. सरस लावायचाय."

मंडळी, कुठल्याही सप्त्यात, कुठल्याही देवाच्या दारी वीणेचा सूर कानी पडला, तर घटकाभर दयाबाईंची आठवण काढा. माझं एवढंच मागणं.