खालच्या पट्टीत

आमचा बँड माझ्या सोफ्यांच्या कारखान्यात सुरू झाला. कारखाना म्हणजे मोठा शब्द झाला. दोन खोल्या, फोमचे गठ्ठे आणि खिडकीशी धाकट्या बहिणीचं शिलाई मशीन. मी सांगाडे ठोकतो, ती खोळी शिवते. फोममुळे आवाज बाहेर जात नाही, म्हणून मेहुण्याने ड्रम इथेच आणून टाकला. वाजवायचा असा की ड्रमशी त्याचं जुनं वैर असावं. तिसरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर, तो व्हायोलिनवर. गाण्यांची निवड माझी, गिटार माझी आणि गळाही माझाच. चाळिशी ओलांडली तरी 'हे माझं' म्हणावं असं एवढंच होतं माझ्याकडे. त्या बाबतीत मी जरा कडक होतो. 'जरा' हा माझा शब्द. मेहुणा दुसरा वापरतो.

वर्षभर आम्ही नुसता कल्ला केला. आईच्या तोंडची जुनी गाणी घ्यायची आणि त्यांवर रॉक चढवायचा, कल्पना झकास होती. प्रत्यक्षात मी बेंबीच्या देठापासून ओरडायचो, मेहुणा त्याहून जोरात बडवायचा आणि मध्ये व्हायोलिनचा पार चेंदामेंदा व्हायचा.

एका मंगळवारी माझा घसा बसला. नुसती चाल धर, म्हणून बहिणीला सांगितलं. ती मशीनवरून उठलीसुद्धा नाही. पाय थांबवून, खालच्या पट्टीत, समोरच्याशी बोलावं तशी गायली. मेहुण्याने आपोआप काठ्या खाली ठेवल्या आणि हातांनीच ताल धरला. व्हायोलिन पहिल्यांदा नीट ऐकू आलं. गाणं संपलं. वर्षभर शोधत होतो ते हेच, हे मलाही कळलं होतं, आणि ते माझ्या गळ्यातून आलं नव्हतं.

सराव मी नेहमी फोनवर रेकॉर्ड करायचो, त्या दिवसाचं रेकॉर्डिंगही माझ्या फोनमध्ये होतं. जेवायला जाताना मी ते पुसून टाकलं आणि फोनने दगा दिला असं सांगितलं.

रेडिओवर नव्या बँडसाठी कार्यक्रम होता, गाणं पाठवायचं होतं. महिनाभर मेहुणा आणि ड्रायव्हर बहिणीच्या मागे लागले. ती गायची, पण ते काही जमेना. कधी सूर चढा, कधी शब्दच विसरायची. शेवटी तीच म्हणाली, ते चुकून झालं होतं, दादालाच गाऊ द्या. मी मुकाट मान डोलावली. इतका हलकटपणा मी आयुष्यात कधी केला नव्हता.

शुक्रवारी ते दोघं यायच्या आत मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि सांगून टाकलं, फोन ठणठणीत होता, मीच पुसलं.

तिने दोरा दातांनी तोडला.

"माहीत आहे, दादा. त्या दिवशी तुझं तोंड बघितलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्याकडे दुसरं आहे काय?" खोळ उलटी करत ती म्हणाली, "पण महिनाभर बेसूर गाणं सोपं नसतं, हं."

मला रडू येईल असं वाटलं. आला तो राग, आणि तोही स्वतःचाच. मी माइकचा स्टँड उचलला, मशीनजवळ नेला आणि तिच्या तोंडापर्यंत खाली केला. दोघं आले, तेव्हा मेहुण्याने विचारलं, आज गाणार कोण?

"ही," मी म्हणालो.

तरी ती सुरू करेना. माझ्याकडेच बघत राहिली. मग मी मान खाली घालून तारा छेडल्या आणि तिने पहिली ओळ उचलली.