तेराव्याचा फोटो

डोळे दाखवायचे होते, म्हणून आबांनी मायला परभणीला माझ्याबरोबर पाठवलं. मोतीबिंदू अजून पिकला नाही असं सांगून डॉक्टरांनी लवकर मोकळं केलं. मी मानवतला शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी परभणीला चित्रकलेचा कोर्स करते. त्या दिवशी आमचा वर्ग एका प्रदर्शनाला जाणार होता आणि दुपारी माझं प्रेझेंटेशन होतं. मायलाही सोबत घेतलं.

"मी काय करू तिथं?"

"बघायचं."

"नुसतं बघायचं?" तिला हे काम पटलं. "मंग चल."

तिनं प्रदर्शनाच्या दाराबाहेर चपला काढल्या. गरज नाही म्हटलं तर म्हणाली, "इतक्या माणसांची तोंडं टांगलीत. चपला घालून कसं जावं?"

एका चित्रात म्हातारी तोंड उघडून हसत होती. पुढचे दात नव्हते. माय तिथून हलेना.

"हिच्या नवऱ्यानं बघितलं आसंल का गं हे?"

माझी वर्गमैत्रीण निकिता फस्सकन हसली. मायही हसली, तोंडाला पदर न लावता. निकितानं तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला. घरी माय हसली की आबा म्हणायचे, "दात काय काढायलीस?" मग पदर वर जायचा. मला तिचे मागचे दात कसे आहेत तेही ठाऊक नव्हतं.

दुपारी वर्गात मी त्याच चित्रावर बोलले. चित्रकारानं म्हातारीला सजवलं नाही, पडलेले दात भरून दिले नाहीत, असं काहीतरी. माय शेवटच्या बाकावर निकिताशेजारी बसली होती. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावर तिच्या सुरू झाल्या.

"लय बोललीस," बाहेर आल्यावर म्हणाली. "मधी पाणी तरी प्यायचं. सर काय पळून चालले होते का?"

दोघींनी उभ्यानं गरम भजी खाल्ली आणि आमच्या गावाची, वालूरची एसटी धरली. घरी चित्रांबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरांना चारा टाकताना ती खाली बसली. सेलूच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बायका येत होत्या, सवाष्ण गेली, सोनं झालं म्हणत होत्या. मी चहा देत होते. ठेवण्यासारखा तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता, म्हणून निकितानं काढलेला मी भावाला, हरिओमला, दिला. तेराव्याच्या आदल्या दिवशी तो सेलूहून फ्रेम घेऊन आला.

"बघ ताई, कसा केलाय."

कपाळावरचं गोंदण पुसून तिथं रुपयाएवढं कुंकू लावलं होतं. मागच्या भिंतीचं निळं आभाळ झालं होतं. आणि तोंड मिटलेलं.

"हे ओठ कुणाचे?"

"फोटोवाल्याकडं तयार असतेत. दुसऱ्या कुन्या बाईचे बसवलेत. कळतंय का बघ की!"

"हसतानाचा दिला होता मी."

"तेराव्याला दात दिसायलेला फोटो कोण ठेवतं गं? लोक तोंडात शेण घालतील."

"मूळ होता तसा करून आण. उद्या सकाळपर्यंत देतील ते."

ओसरीवर भावकी बसली होती. आबा बाजेवरून म्हणाले, "कायी गरज न्हाई. हाय तेच बरं हाय. घरंदाज दिसायली." मग फ्रेम हातात घेऊन बघितली आणि परत खाली ठेवली. "डोळे दाखवायला गेल्ती ना ती? मला त्या मोबाइलमधला दाखवला ह्यानं. इतकं हसायला काय झाल्तं तिथं?"

हरिओमनं मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. चुलते खाली बघू लागले. आबांनी विचारलं की सगळे असेच खाली बघतात.

"चित्रं बघायला गेल्तो आमी," मी म्हणाले. "लय मजा आली तिला. तुमी नव्हता तिथं आबा, म्हणून हसली. इथं ती तुमाला भेत होती. आमी सगळेच भेतो."